गेमिंग पीसी चालूच होत नाही? सॉकेटपासून एसएमपीएसपर्यंतचा शोध

बंद पडलेल्या पीसीवर लगेच पैसे खर्च करू नका. तासभर वेळ, एक स्क्रूड्रायव्हर आणि साधा मल्टीमीटर हाताशी असला तर दोष कोणत्या भागात आहे, हे बहुतेक वेळा घरीच कळतं. दुकानात मशीन नेल्यावर "मदरबोर्ड गेलाय" असं ऐकण्याआधी निदान एवढं तरी आपल्याला माहीत असावं.

उदाहरणासाठी आपल्याकडे सर्रास दिसणारी जोडणी घेऊ. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, एक एनव्हीएमई एसएसडी, आणि कॅबिनेटसोबत आलेला किंवा दुकानदाराने "चालून जाईल" म्हणत बसवून दिलेला एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज पीसीला लागणाऱ्या कमी व्होल्टच्या डीसीमध्ये बदलणारा डबा. बजेट संपत आलं की सगळ्यात आधी कात्री लागते ती या शेवटच्या वस्तूला. बाकीचा प्रत्येक भाग ज्याच्यावर जगतो, तोच भाग उरलेल्या पैशांत घेतला जातो. माझ्या मते पीसी बांधताना यापेक्षा महागात पडणारी दुसरी चूक नाही.

एक ताकीद आधीच. एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे ते चारशे व्होल्ट डीसी असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ तिथेच राहतो. इथे सांगितलेल्या सगळ्या तपासण्या डब्याच्या बाहेरून करायच्या आहेत.

"बंद" म्हणजे नेमकं काय होतंय?

आधी लक्षण नीट बघा. बटण दाबल्यावर काहीच होत नाही, पंखा नाही, दिवा नाही, हा एक प्रकार. पंखे क्षणभर हलतात आणि थांबतात, कधी हेच दर दोन सेकंदांनी होत राहतं, हा दुसरा. सगळे पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही, हा तिसरा. आणि चौथा म्हणजे डेस्कटॉपवर सगळं ठीक, गेम सुरू केला की दहा मिनिटांत फटकन बंद. या चारांच्या वाटा वेगळ्या आहेत. दुरुस्तीवाल्याला फोन केलात तरी "पीसी बंद आहे" एवढंच न सांगता यातलं काय होतंय ते सांगा.

पायरी १: भिंतीपासून सुरुवात

ज्या सॉकेटला पीसी आहे तिथे मोबाइलचा चार्जर लावून बघा. मग एक्स्टेंशन बोर्ड बाजूला ठेवून पीसी थेट भिंतीला लावा. स्वस्त बोर्डातल्या पट्ट्या सैल होतात, पिन नीट धरत नाहीत, आणि चार्जर चालतो तिथे पीसी चालत नाही असंही होतं. एसएमपीएसला येणारी वायर आणि बहुतेक मॉनिटरची वायर एकच असते, तेव्हा त्या अदलाबदल करून बघा. एसएमपीएसच्या मागचं छोटं बटण रेघेच्या बाजूला दाबलेलं हवं. गोलाच्या बाजूला असेल तर तो बंद आहे. साफसफाईत हे बटण नकळत दाबलं जातं. जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असं लिहिलेलं लाल सरकबटण असतं. ते २३० वरच हवं. आपल्याकडच्या विजेवर ते ११५ वर गेलं तर एसएमपीएस मोठा आवाज करून जळतो.

अर्थिंगही इथेच बघून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून पत्र्याला जोडलेले असतात, आणि त्यांची गळती अर्थिंगमधून जमिनीत जाणं अपेक्षित असतं. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर साधारण शंभर-सव्वाशे व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी थोडा असतो, म्हणून झटका न बसता फक्त झिणझिण्या येतात. "आमच्या पीसीला जरा करंट मारतो" असं लोक सहज सांगतात, पण ती तक्रार पीसीची नाही, घरच्या वायरिंगची आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटमध्ये फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असं मोजायला सांगा. पहिलं माप २३० च्या आसपास आणि दुसरं एक-दोन व्होल्टच्या आत हवं. जुन्या घरांत तिसऱ्या पिनला मागे वायरच नसते, आणि त्या घरात कितीही चांगला एसएमपीएस लावला तरी त्याचं संरक्षण अर्धवटच राहतं.

पायरी २: बोर्डवर जीव आहे का?

पीसी बंद असतानाही एसएमपीएस मदरबोर्डला ५ व्होल्टचा एक बारीक पुरवठा देत असतो. त्यालाच स्टँडबाय म्हणतात. कॅबिनेटची बाजू उघडा आणि बोर्डवर कुठे दिवा लागलाय का, लॅन पोर्टजवळचा दिवा लुकलुकतोय का ते बघा. दिवा असेल तर भिंत, वायर आणि एसएमपीएसचा स्टँडबाय भाग ठीक आहे. यावरून एसएमपीएस पूर्ण चांगला ठरत नाही. मुख्य १२ व्होल्टची बाजू वेगळी असते.

आता बटणाकडे या. कॅबिनेटचं पॉवर बटण म्हणजे दोन वायरी एकमेकींना क्षणभर टेकवणारा साधा स्विच. तो खराब झाला की धडधाकट मशीन मेल्यासारखं वाटतं. बोर्डच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात फ्रंट पॅनलच्या पिना असतात. मदरबोर्डच्या माहितीपत्रकात बघून पॉवर स्विचच्या दोन पिना शोधा, तिथला जोड काढा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिना क्षणभर जोडा. मशीन सुरू झालं तर दोष बटणाचा. तात्पुरता उपाय म्हणून रीसेटच्या बटणाची वायर त्या जागी लावा आणि काम चालू ठेवा.

पायरी ३: सगळं उतरवून किमान जोडणी

काही झालं नाही, किंवा पंखे हलून थांबतात, तर वायर काढा, पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा आणि पीसी हलका करायला घ्या. हार्ड डिस्क, यूएसबीच्या सगळ्या वस्तू, आरजीबीच्या (रंगीत दिव्यांच्या) पट्ट्या आणि शेवटी ग्राफिक्स कार्ड काढा. बोर्ड, प्रोसेसर, त्याचा कूलर आणि रॅमची एकच पट्टी एवढंच राहू द्या. २४ पिनची मोठी केबल आणि प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनची केबल काढून पुन्हा कट्ट आवाज येईपर्यंत बसवा. ही दुसरी केबल लावायला विसरणं नवशिक्यांकडून फार होतं, आणि तशा स्थितीत पंखे फिरतात पण पुढे काहीच होत नाही.

एक फसवी जागा लक्षात ठेवा. रायझन ५ ५६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असतो, जसा आय५-१२४००एफ, त्यांतही नाही. कार्ड काढल्यावर अशा मशीनवर डिस्प्ले येणारच नाही, मग बोर्ड कितीही चांगला असो. या पायरीवर पडद्याकडे न बघता पंखे सतत फिरत राहतात का आणि बोर्डवरचे तपासणीचे दिवे काय सांगतात ते बघा. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार बारीक दिवे असतात. जो दिवा लागून तसाच राहतो, तिथे गाडी अडली आहे. कार्ड काढलेलं असताना व्हीजीएचा दिवा लागणं साहजिक आहे. डीरॅमचा राहिला तर रॅम काढून सोनेरी पट्टा खोडरबरने हलकेच पुसा आणि दुसऱ्या खाचेत लावा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, दमट हवेने संपर्क बिघडतात आणि एवढ्यावर मशीन सुरू होतं.

किमान जोडणीत पंखे नीट फिरू लागले तर एकेक वस्तू परत लावा. जी लावल्यावर पुन्हा बंद पडतं, दोष तिच्यात आहे. काहीच लावलेलं नसताना पंखे हलून थांबत असतील तर बोर्ड कॅबिनेटमधून काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा आणि तिथे चालवून बघा. बोर्डखाली घरंगळलेला एखादा स्क्रू किंवा चुकीच्या जागी राहिलेला, बोर्ड ज्यावर टेकतो तो पितळी खिळा शॉर्ट करत असतो. एसएमपीएस ते ओळखून स्वतःला बंद करतो, म्हणजे तो त्याचं काम चोख करत असतो.

पायरी ४: एसएमपीएस एकटा तपासणं

मागचं बटण बंद करा, वायर काढा, एसएमपीएसच्या सगळ्या केबल मशीनपासून सोडवा. एक जुना कॅबिनेट फॅन तेवढा मोलेक्स (जुन्या, चार पिनच्या) जोडाने लावा. २४ पिनच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर शोधा. तीच एसएमपीएसला चालू हो म्हणून सांगते. कागदाच्या क्लिपेचा तुकडा वाकवून हिरवी आणि शेजारची काळी वायर जोडा, मग पुरवठा चालू करा.

हल्ली सगळ्याच वायरी काळ्या असतात. तेव्हा असं मोजा: कनेक्टरमध्ये एक जागा रिकामी असते. त्या ओळीत रिकाम्या जागेच्या एका बाजूला चार पिना असतात आणि दुसऱ्या बाजूला सात. सातांच्या बाजूला वळा. रिकाम्या जागेला लागून पहिल्या तीन पिना ग्राउंड (शून्य व्होल्टच्या) आणि चौथी पिन चालू करणारी. तिसरी आणि चौथी जोडायची. दोनदा मोजा, मगच क्लिप घाला, आणि पुरवठा चालू असताना क्लिपेला हात लावू नका.

फॅन फिरला तर मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून मोजा. काळी टोकणी ग्राउंडला. पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट हवेत. क्लिप न लावताही जांभळ्यावर ५ व्होल्टचा स्टँडबाय मिळायला हवा. काही एसएमपीएसचा स्वतःचा पंखा कमी भारावर फिरतच नाही, त्यामुळे त्याच्या पंख्यावरून निष्कर्ष काढू नका.

या चाचणीला मर्यादा आहे. नापास झाला तर एसएमपीएस नक्की गेला. पास झाला तर तो बिनभाराचा उभा राहतो, एवढंच सिद्ध होतं. तीनशे वॅट ओढल्यावर तो टिकेल का, हे क्लिप सांगू शकत नाही. त्याचं खात्रीचं उत्तर एकच: मित्राचा चांगला एसएमपीएस त्याच्या स्वतःच्या केबलांसकट आणून लावणं.

गेममध्येच बंद पडत असेल तर

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसली की लोक लगेच एसएमपीएसला दोषी ठरवतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. कारण ती सांगत नाही.

आधी तापमान बघा. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर चालू ठेवून गेम खेळा. प्रोसेसर ९०-९५ अंशांवर जाऊन बंद पडत असेल तर कूलर आणि त्याखालच्या थर्मल पेस्टकडे वळा. तापमान ठीक असेल तर आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट ६५-७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम तासभर खेळा. आता बंद पडलं नाही तर संशय एसएमपीएसवर पक्का होत जातो. आधुनिक कार्ड काही सूक्ष्म क्षणांसाठी त्याच्या सरासरीच्या दुप्पट वीज ओढू शकतं, आणि हे झटके कमकुवत एसएमपीएसला सोसत नाहीत. कार्डाला विजेचे दोन जोड असतील तर एकाच केबलला लोंबणारे दोन जोड न वापरता दोन वेगळ्या केबल लावून बघा. तेवढ्यानेही कधी भागतं.

आता एसएमपीएस निवडू

खोक्यावरचा वॅटचा मोठा आकडा बाजूला ठेवा आणि डब्याच्या अंगावर चिकटवलेला तक्ता वाचा. हे एकच शिकलात तरी लेखाचं चीज झालं. त्या तक्त्यात प्रत्येक व्होल्टेजखाली अँपिअर लिहिलेले असतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात, म्हणून तो रकाना शोधा आणि १२ ने गुणा.

कॅबिनेटसोबत आलेल्या एखाद्या "४५० वॅट" डब्यावर १२ व्होल्टखाली १४ अँपिअर लिहिलेलं असतं. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. एकट्या आरटीएक्स ३०६० ची मर्यादा १७० वॅट आहे! उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवलेले असतात, जे आजच्या मशीनला फारसे लागतच नाहीत. याउलट चांगल्या ५५० वॅटच्या डब्यावर १२ व्होल्टखाली ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे जवळपास पूर्ण ५५० वॅट तिथेच उपलब्ध. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असा वा गावातल्या दुकानात, डबा हातात मागून घ्या आणि हा गुणाकार तिथेच करा.

किती वॅट हवेत? आपल्या जोडणीत कार्डाचे १७०, प्रोसेसरसाठी ९० धरा, बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५०. बेरीज ३१०. वर झटक्यांसाठी आणि पुढच्या कार्डासाठी जागा ठेवून ५५० किंवा ६५० वॅट पुरेसे. २०० वॅटच्या आरटीएक्स ४०७० साठी एनव्हिडिया ६५० सुचवते. अशा मशीनला १००० वॅट घेण्यात अर्थ नाही. ते पैसे ६५० च्या दर्जात घाला.

८० प्लसच्या बिल्ल्याबद्दल गैरसमज फार आहेत. ब्राँझ, गोल्ड, प्लॅटिनम ही श्रेणी फक्त कार्यक्षमतेची आहे, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती मशीनपर्यंत पोचते. ३०० वॅटच्या भारावर ८५ टक्के कार्यक्षम एसएमपीएस भिंतीतून सुमारे ३५३ वॅट घेतो आणि ९० टक्क्यांचा ३३३. रोज चार तास खेळलात तर वर्षाला एकोणतीसेक युनिटचा फरक. बिलात तो मोठा नाही. शिवाय ही चाचणी २३ अंशांच्या खोलीत होते, आणि मे महिन्यात विदर्भातल्या खोलीत कॅबिनेटच्या आतलं तापमान किती असतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

बिल्ला किती सांगतो आणि किती लपवतो याचं ढळढळीत उदाहरण २०२१ चं. गिगाबाइटचे जीपी-पी७५०जीएम आणि जीपी-पी८५०जीएम हे दोन्ही गोल्ड एसएमपीएस होते. गेमर्स नेक्सस या हार्डवेअर तपासणाऱ्या यूट्यूब चॅनेलने चाचण्या घेतल्या तेव्हा त्यांतले कित्येक नमुने गेले, काही चक्क फुटले. भार जास्त झाल्यावर स्वतःला बंद करण्याची मर्यादा फार वर ठेवलेली होती, १२० ते १५० टक्क्यांवर. ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने ती ११० ते १२० टक्क्यांवर आणल्याचं जाहीर केलं आणि आधीचे डबे बदलून देण्याची तयारी दाखवली.

म्हणून संरक्षणांची यादी बघा. जादा व्होल्टेज, कमी व्होल्टेज, जादा करंट, जादा भार, शॉर्ट आणि जादा तापमान ही सहाही हवीत. स्वस्त डब्यांत तापमानाचं संरक्षण हमखास गायब असतं. आतले कपॅसिटर १०५ अंशांचे असावेत. ८५ अंशांचे आपल्या उन्हाळ्यात लवकर थकतात, कारण दर दहा अंश वाढीला कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. वॉरंटीही बोलकी असते. तीन वर्षं, पाच, सात, दहा. कंपनीला स्वतःच्या मालाची किती खात्री आहे ते त्यात दिसतं. ब्रँडच्या नावावर मात्र विसंबू नका. एकाच ब्रँडची एक मालिका उत्तम आणि दुसरी सुमार असते, कारण आतला माल वेगवेगळे कारखाने बनवतात. नेमक्या मॉडेलची, भार देऊन केलेली चाचणी वाचा. फक्त खोकं उघडून दाखवणारा व्हिडिओ काही कामाचा नाही.

सेकंडहँड कार्ड घ्या, प्रोसेसर घ्या, एसएमपीएस घेऊ नका. तो किती वर्षं कोणत्या विजेवर चालला हे बाहेरून दिसत नाही.

घरची वीज आणि यूपीएस

वीज गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टरवर पीसी चालवत असाल तर तो यूपीएस मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये अदलाबदलीला याहून जास्त वेळ लागतो आणि पीसी रीस्टार्ट होतो. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. खेळत असताना तो काठावर येतो, तेव्हा त्याच्याकडून गेम सेव्ह करून शटडाउन करण्याएवढीच अपेक्षा ठेवा. शक्य असेल तर शुद्ध साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा) घ्या.

गावाकडे न्यूट्रल तुटण्याचे प्रकार होतात. तेव्हा घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत वीज येऊ शकते, आणि साधा स्पाइक गार्ड ती थोपवत नाही. बल्ब अचानक झगझगीत दिसले, पंखे सुसाट फिरू लागले की थेट मेन बंद करा आणि महावितरणला कळवा. वळवाचा पाऊस कडाडू लागला की पीसीची आणि राउटरची वायर तर काढाच, लॅनची केबलही काढा.

बसवताना

जुना एसएमपीएस काढताना त्याच्या केबल जागच्या जागी ठेवून फक्त डबा बदलायचा मोह होतो. मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसमध्ये केबल खट्कन बसतात, कटकट वाचते. हे कधीही करू नका. केबलचं मशीनकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण डब्याकडच्या टोकाला कोणत्या पिनवर काय असावं याचा सर्वांना लागू असा नियम नाही. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की एसएसडी आणि हार्ड डिस्क क्षणात जळतात, आणि त्यांच्याबरोबर वर्षांचे फोटो. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही हा फरक असू शकतो.

प्रोसेसरची ८ पिन आणि ग्राफिक्स कार्डाची ८ पिन दिसायला जवळची, पण वेगळी. पहिली ४ अधिक ४ अशी फुटते, दुसरी ६ अधिक २. जोर लावावा लागत असेल तर चुकीची केबल हातात आहे.

नव्या कार्डांवरचा १६ पिनचा बारीक जोड सगळ्यात जपून बसवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० आल्यावर हे जोड वितळल्याच्या तक्रारी आल्या. पूर्ण आत न बसलेला जोड हे त्यातलं एक मोठं कारण निघालं. पुढे १२व्ही-२x६ या नावाने त्याची सुधारित रचना आली. कार्ड आणि जोड यांच्यामध्ये फट दिसता कामा नये, आणि केबल जोडापासून निदान साडेतीन सेंटीमीटर सरळ जाऊ द्या, मगच वळवा.

सगळं लावून झाल्यावर बाजूचं झाकण उघडं ठेवूनच पहिल्यांदा चालू करा, तासभर गेम चालवा, मग झाकण लावा. बिल आणि खोक्यावरच्या सिरियल नंबरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. वॉरंटीच्या वेळी छापील बिलाची शाई उडालेली असते. गेलेला एसएमपीएस ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, आणि त्याच्या केबलही त्याच्याबरोबरच जाऊ द्या. खणात ठेवलेली ती केबल पुढच्या वर्षी कुणीतरी नव्या डब्याला लावतं.